परीक्षा यंत्राची, मुलाची नव्हे

हल्ली मतिमंद मुलांचे पालक दवाखान्यात येतात ते केवळ ताप किंवा फिटच्या तक्रारी घेऊन नव्हे. सरकारी अनुदान बँकेत येते, बँक मोबाइलमध्ये आली आहे आणि मोबाइल उघडला की ओटीपी! ‘डॉक्टर, आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ हा प्रश्न जुनाच; त्यात आता पडद्यावरच्या बटणांची भर पडली आहे. (मतिमंद हा शब्द आपल्या तोंडी बसलेला आहे. २०१६ च्या कायद्याने त्याऐवजी ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आणला, तोच यापुढे वापरू. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख होती.)

ओटीपीचेच पाहा. आकडे एका ठिकाणी येतात, ते लक्षात ठेवून दुसऱ्या ठिकाणी लिहायचे, तेही ठराविक वेळेत. सौम्य अक्षमता असलेल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसालाही नेमके हेच अवघड जाते, कारण आकडे क्षणभर डोक्यात धरून ठेवण्याची शक्ती त्याची कमी असते. वेळ संपली की लाल अक्षरे झळकतात. असे दोनदा झाले की तो मोबाइल खाली ठेवतो आणि आपण म्हणतो, ‘याला नाही जमायचे.’

माझ्या मते न जमणारी गोष्ट त्या सॉफ्टवेअरची आहे. रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशीच असावीत, असे २०१६ चा कायदा सांगतो. डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटले. तो खटला अंध व्यक्तींचा आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांचा होता. बौद्धिक अक्षमतेची अडचण मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती मागेच राहते. ती कळण्याचा मार्ग एकच: सॉफ्टवेअर बाजारात येण्यापूर्वी या व्यक्तींच्या हाती देऊन पाहणे.

पण इथेच सांभाळावे लागते. ही माणसे लहानपणापासून परीक्षाच देत आलेली असतात. बुद्ध्यांकाची चाचणी, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयातली रांग, टेबलापलीकडचा अनोळखी साहेब. ‘चाचणी’ म्हटले की त्यांचे तळहात ओले होतात. मग समोरच्याला खूश करण्यासाठी ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. ही सवय अमेरिकेत कॅरल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच अभ्यासातून दाखवली होती. तेव्हा ‘समजले का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘करून दाखव बरं’ म्हणावे आणि गप्प बसून पाहावे. हात धरून बटण दाबून देण्याचा मोह आवरावा. ‘तू चुकलास’ असे न म्हणता ‘आमचे बटण चुकीच्या जागी आहे’ असे म्हणावे. खरेही तेच असते.

अंबड-सातपूरच्या इंजिनीअर मंडळींनी या व्यक्तींना आपल्या वातानुकूलित कचेरीत बोलावू नये, स्वतःच त्यांच्याकडे जावे. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली सुरू केलेले प्रबोधिनी विद्यामंदिर नाशिकमध्येच आहे. आपली शाळा, आपले बाक आणि शेजारी ओळखीच्या ताई असल्या की निम्मी भीती तिथेच जाते. एका वेळी एकच काम, पंधरा-वीस मिनिटे पुरे. खरा पिन आणि खरे पैसे मात्र वापरायला देऊ नयेत.

आता डॉक्टर म्हणून थोडे. यांच्यापैकी अनेकांना फिटच्या गोळ्या चालू असतात. या कामासाठी गोळीची वेळ चुकवू नये, जेवण टाळू नये. आदल्या रात्री जागरण झाले असेल तर दिवस बदलावा. डाऊन सिंड्रोममध्ये ऐकू कमी येणे फार आढळते. कान तपासलेले नसतात आणि ‘याला समजत नाही’ असा शिक्का बसतो! चष्मा, पाणी, लघवीची सोय यांचीही चौकशी आधीच करावी.

पालकांची सही घेतली म्हणजे संमती मिळाली असे नाही. तीस वर्षांच्या माणसाला त्याच्याशीच बोलून विचारावे, आणि मधेच तो ‘बास’ म्हणाला किंवा नुसता उठून खिडकीशी गेला, तर तिथेच थांबावे. मानधन इतरांना देता तेवढेच द्यावे, आणि काम अर्धे राहिले तरी पूर्ण, त्याच्याच हातात.