स्लो मोशनचा हिशोब

लग्नसराई आली की फोनमधल्या स्लो मोशनला भलताच भाव येतो. येत्या रविवारी मामेबहिणीचं लग्न आहे आणि अक्षतांचं शूटिंग माझ्या गळ्यात पडलंय. 'शुभमंगल सावधान'ला रीटेक नसतो, बॉस! नेमकं तेव्हाच स्क्रीनवर 'स्टोरेज फुल' झळकलं, तर मामी मला जन्मभर ऐकवेल. म्हणून आधीच कागद-पेन घेऊन बसले.

फंडा सोपा आहे. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला लिहिला जाणारा डेटा. बिटरेट गुणिले सेकंद, भागिले ८, की मिळाला फाईलचा साईझ. ८ कशाला? बिटरेट मेगाबिटमध्ये मोजतात, फाईल मेगाबाईटमध्ये, आणि एका बाईटमध्ये ८ बिट. हा भागाकार राहिला की अंदाज थेट आठपट फुगतो.

आयफोनवाल्यांना तर सेटिंग्जमध्ये तयार आकडे मिळतात. 'हाय एफिशियन्सी' फॉरमॅट, १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम्स असतील तर मिनिटाला साधारण ६० एमबी. ६० फ्रेम्सना ९०, १२० ला १७० आणि २४० ला चक्क ४८०! गंमत बघा, ३० च्या ६० फ्रेम्स झाल्या तरी फाईल दीडपटच झाली. कारण कॅमेरा प्रत्येक फ्रेम अख्खी लिहीत नाही, बहुतेकदा आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवतो. २४० ला मात्र हे लाड संपतात. फ्रेम्स आठपट, फाईलही आठपट. सेकंदाला ८ एमबी, म्हणजे ६४ मेगाबिट.

माझ्या फोनमध्ये १० जीबी जागा आहे. २४० ला जेमतेम २० मिनिटं, १२० ला जवळपास तासभर. मंगलाष्टकं म्हणायला उत्सुक असलेल्या आत्या-काकूंची संख्या बघता पहिल्यापासून २४० वर ठेवणं म्हणजे आत्महत्याच. सुरुवातीला साधं ३०, स्लो मोशन फक्त शेवटच्या कडव्याला. ४ सेकंदांचा अक्षतांचा पाऊस २४० ला घेतला, तर ३० च्या वेगाने बघताना ३२ सेकंद चालतो. आणखी काय हवं?

खरी धास्ती कार्यालयातल्या दिव्यांची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, स्लो मोशनमध्ये मात्र नवरा-नवरी डिस्कोत उभे असल्यासारखे दिसतात. म्हणून शनिवारी हळदीलाच तिथे १० सेकंदांची ट्रायल घेणार आहे. ८० एमबी जातील, नंतर डिलीट करेन. 'रीसेंटली डिलीटेड'मधूनसुद्धा, कारण तिथून काढल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.