मंडपात ट्रम्प, टपरीवर पुतिन: वागळे इस्टेटमधल्या गप्पांत खरं किती, अर्धवट किती?

२०२५ मध्ये गणपती बसले २७ ऑगस्टला. त्याच दिवशी सकाळी, भारतीय वेळेनुसार साडेनऊच्या सुमारास, अमेरिकेत जाणाऱ्या भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लागू झालं. ७ ऑगस्टपासून लागलेले २५ टक्के धरून एकूण ५० टक्के. त्यानंतरचे अकरा दिवस आरती झाली, प्रसाद वाटून झाला की मंडपातल्या खुर्च्यांवर एकच विषय. ट्रम्प असं का करतोय? पुतिन काय करेल? मोदी चीनला गेले म्हणजे आता काय?

किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगरच्या मंडपांत आणि वागळे इस्टेटच्या टपऱ्यांवर अशा गप्पा नव्या नाहीत. अनेकांना त्या रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतात. पण दुपारच्या सुट्टीत कटिंग घेत ट्रम्पवर बोलणारा ऑपरेटर खरं तर पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम मिळेल का, याचा अंदाज बांधत असतो. त्यामुळे या गप्पा बंद करायचं कारण नाही. त्यात फिरणारे दावे मात्र तपासायला हवेत.

या गप्पा वागळेत इतक्या का रंगतात?

वागळे इस्टेट ही राज्याच्या औद्योगिक इतिहासातली पहिल्या पानावरची जागा आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची सुरुवात झाली ती इथूनच. आज अनेक जुन्या कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आणि ऑफिसं उभी आहेत. तरीही गाळ्यांमधली लेथ, प्रेस आणि सीएनसी मशिन्स थांबलेली नाहीत. ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन या लघुउद्योजकांच्या संघटनेचं कार्यालयही इथेच आहे.

यातले बरेच गाळे स्वतः काहीच निर्यात करत नाहीत. ते मोठ्या कंपनीसाठी जॉबवर्क करतात. कंपनी माल पाठवते, गाळ्यात त्यावर काम होतं, माल परत जातो. तो पुढे पुण्याला जातो की अमेरिकेला, हे गाळ्यातल्या माणसाला अनेकदा माहीतही नसतं. ऑर्डर थांबली की मगच कळतं.

दावा १: 'शुल्क अमेरिकन माणूस भरतो, आपलं काय जातं?'

अर्धं खरं. शुल्क अमेरिकेच्या सरकारला भरतो तो तिथला आयातदार. भारतीय कंपनीच्या खात्यातून ते पैसे जात नाहीत. पण तो आयातदार दुसऱ्याच दिवशी ई-मेल करतो: दर कमी करा, नाहीतर व्हिएतनामकडून घेतो.

ऑगस्ट २०२५ अखेर व्हिएतनाम आणि बांगलादेशवर २० टक्के शुल्क होतं, इंडोनेशियावर १९. भारतावर ५०. समजा एखादा सुटा भाग १० डॉलरला जातो. त्या दरांनी भारतातून घेतला तर आयातदाराला तो १५ डॉलरला पडायचा, व्हिएतनाममधून १२ डॉलरला. हा ३ डॉलरचा फरक कुणीतरी सोसायचा असतो. आधी निर्यातदार सोसतो, मग तो जॉबवर्कचा दर कापतो.

मात्र सगळ्या मालाला ५० टक्क्यांचं हे शुल्क लागत नव्हतं. औषधं आणि स्मार्टफोन यातून बाहेर होते. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या वस्तूंवर वेगळ्या कायद्याखाली ५० टक्के शुल्क जून २०२५ पासूनच होतं आणि ते ब्रिटन सोडून जवळपास सगळ्या देशांना लागू होतं. म्हणजे तिथे भारताचा स्पर्धकही तेवढंच भरत होता. प्रवासी गाड्यांच्या ठरावीक सुट्या भागांना २५ टक्क्यांचा वेगळा दर होता. या वेगळ्या कायद्याखालच्या मालावर पुन्हा ५० टक्के लागत नव्हते.

म्हणून एकाच गल्लीतल्या दोन गाळ्यांचं नशीब वेगळं असू शकतं. 'निर्यात बुडाली' किंवा 'काही फरक पडत नाही' ही दोन्ही वाक्यं तिथे निरुपयोगी ठरतात. विचारायचं ते इतकंच: आपला भाग कुठल्या कोडखाली जातो?

शिवाय २९ ऑगस्टला अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी यातली बरीच शुल्कं बेकायदा ठरवली. पण सरकारला वर दाद मागता यावी म्हणून १४ ऑक्टोबरपर्यंत ती सुरूच ठेवली. 'कोर्टाने ट्रम्पचं शुल्क रद्द केलं' हा फॉरवर्ड म्हणूनच तेव्हा अपुरा होता.

दावा २: 'रुपया पडला, निर्यातदारांची चांदी'

२९ ऑगस्टला एका डॉलरचा भाव पहिल्यांदाच ८८ रुपयांच्या वर गेला. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला जास्त रुपये मिळतात, हे बरोबर. पण हिशेब पूर्ण करायला हवा.

आधी १० डॉलरचे ८६ च्या भावाने ८६० रुपये मिळत होते. आयातदाराने १० टक्के सवलत घेतली तर ९ डॉलर उरले. ८८ च्या भावाने त्याचे झाले ७९२ रुपये. रुपया घसरूनही नगामागे ६८ रुपये गेले. बाहेरून येणारं टूलिंग, मशीनचे सुटे भाग, इलेक्ट्रॉनिक कार्ड यांचे दर डॉलरमागे वाढतात, ते वेगळंच.

दावा ३: 'युद्ध पेटलं की उद्या पेट्रोल भडकणार'

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. २०२५ मध्ये जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जात होता आणि ती सर्वात अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे भीती खोटी नाही.

पण पंपावरचा भाव लगेच हलत नाही. २०२५ मध्ये १३ ते २४ जून या काळात इस्रायल आणि इराण यांच्यात युद्ध झालं. ब्रेंट तेल ७० डॉलरच्या आसपासून ८० च्या जवळ गेलं आणि परत खाली आलं. पंपावर मात्र शांतता होती. कागदावर रोज भाव बदलण्याची पद्धत जून २०१७ पासून आहे. प्रत्यक्षात मार्च २०२४ मध्ये २ रुपयांची कपात झाल्यापासून सप्टेंबर २०२५ पर्यंत भाव जवळपास जागेवर होते. तेल स्वस्त झालं तेव्हाही ते उतरले नाहीत.

याची दुसरी बाजू २०२२ मध्ये दिसली. नोव्हेंबर २०२१ पासून थांबवून ठेवलेले भाव २२ मार्च २०२२ नंतर सोडले गेले आणि दोन आठवड्यांत लिटरमागे सुमारे १० रुपयांची वाढ झाली. म्हणजे पंपावरचा धक्का अनेकदा उशिरा येतो, पण येतो तेव्हा एकदम येतो.

गाळ्यात धक्का आधी बसतो. प्लास्टिकचा दाणा, कटिंग ऑइल, जहाजाचं भाडं यांना कुणी थांबवून ठेवत नाही. लाल समुद्रात नोव्हेंबर २०२३ पासून हल्ले सुरू झाल्यावर युरोपला जाणारी अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास १० ते १५ दिवसांनी लांबला. तेवढे दिवस पैसेही अडकले.

आणि रशियन तेल? युद्धाआधी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांहून कमी होता, २०२५ मध्ये तो ३५ टक्क्यांच्या आसपास होता. ते उद्या थांबवलं तर दुसरीकडून तेल मिळेल, पण भारतासारखा मोठा गिऱ्हाईक एकदम दुसऱ्या दुकानात शिरला की तिथला भाव वाढणारच. इथे भाबडं उत्तर कुठल्याच बाजूला नाही.

दावा ४: 'चीन-रशिया आहेत ना, डॉलरचा खेळ संपला'

३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरला तियानजिनमध्ये मोदी, शी जिनपिंग आणि पुतिन एकत्र दिसले. मोदींचा हा सात वर्षांतला पहिला चीन दौरा. त्या फोटोवर मंडपांत रात्री जागल्या.

आकडे मात्र फोटोपेक्षा थंड आहेत. २०२४-२५ मध्ये भारताने अमेरिकेला साधारण ८६ अब्ज डॉलरचा माल विकला, चीनला १४ अब्ज डॉलरचा. चीनबरोबरची व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. चीन विकायला उत्सुक आहे, घ्यायला तेवढा नाही. त्याच चीनने एप्रिलमध्ये दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर परवान्याची अट घातली आणि भारतातल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली.

ब्रिक्सचं चलन आजही अस्तित्वात नाही, आणि डॉलर हटवणं हे आपलं धोरण नसल्याचं भारताने जाहीरपणे सांगितलं आहे. जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत २०२५ च्या सुरुवातीलाही ५८ टक्क्यांच्या आसपास डॉलरच होता. हे प्रमाण हळूहळू कमी होतंय, हे खरं. पण पुढच्या बिलावर त्याचा परिणाम शून्य.

दावा ५: 'पुन्हा ९१ येणार, सोनं गहाण पडणार'

हा दावा सहसा मंडळातले ज्येष्ठ करतात, कारण त्यांनी तो काळ पाहिलेला असतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावलं. तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला. १९९१ च्या जूनमध्ये भारताकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. देश दिवाळखोर झाला नाही, पण दारापर्यंत गेला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये परकीय गंगाजळी ६९० अब्ज डॉलरच्या आसपास होती. साधारण अकरा महिन्यांच्या आयातीला पुरेल इतकी. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा सुमारे ८८० टन सोनं होतं. त्यामुळे १९९१ ची पुनरावृत्ती जवळ दिसत नाही.

पण देश सुरक्षित असणं आणि गाळा सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००८ च्या मंदीत भारताच्या बँका उभ्या राहिल्या, तरी सुरतच्या हिरे कारागिरांना मोठ्या संख्येने घरी बसावं लागलं. देशाच्या सरासरीत ती घरं दिसत नाहीत. ६९० अब्ज डॉलरमधून वागळेतल्या गाळ्याचा ७ तारखेचा पगार होत नाही.

मग बोलायचं कशावर?

या सगळ्या चर्चेत ज्याचं सर्वाधिक नुकसान होऊ शकतं, त्याचं नावच कुठे येत नाही. तो म्हणजे जॉबवर्क करणारा छोटा गाळा आणि कंत्राटदाराकडून हजेरीवर आलेला कामगार. सरकारी कागदावर निर्यातदार तो, ज्याच्या नावावर निर्यातीचं बिल आहे. उद्या निर्यातदारांना व्याजात सवलत मिळाली किंवा कर्जफेडीला मुदत मिळाली, तरी जॉबवर्कवाल्यापर्यंत ती आपोआप पोहोचणार नाही. ऑर्डर थांबली की आधी ओव्हरटाइम जातो, मग दुसरी शिफ्ट, मग हजेरीवरची माणसं.

त्यामुळे पुढच्या गप्पांत तीन कामाच्या गोष्टी याव्यात.

कोड विचारा. जॉबवर्कच्या बिलावर सेवेचा कोड असतो, वस्तूचा नसतो. मूळ कंपनीकडून त्या भागाचा एचएसएन कोड मागून घ्या. त्यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. त्यावरून अमेरिकेत कोणतं शुल्क लागतं ते शोधता येतं.

४५ दिवस लक्षात ठेवा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांत द्यावेच लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, म्हणजे सप्टेंबर २०२५ मधल्या ५.७५ टक्के दराने वर्षाला १७.२५ टक्के. शिवाय वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. अडचण एकच: ज्याचं एकच गिऱ्हाईक आहे, तो त्याच्याविरुद्ध तक्रार कशी करणार? म्हणून ही लढाई एकेकट्याने नाही, संघटनेमार्फत लढायला हवी.

देशातली मागणी बघा. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने लहान गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या गाळ्याला तियानजिनच्या फोटोपेक्षा ही बातमी जवळची आहे.

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. ठाण्याचं जिल्हा उद्योग केंद्र आणि एमआयडीसीने वागळे, डोंबिवली, अंबरनाथ पट्ट्यात कोणत्या गाळ्याचं किती काम अमेरिकेच्या ऑर्डरवर अवलंबून आहे, याची साधी मोजणी करावी. हा आकडा हाती नसेल, तर मदत जाहीर होईल ती फक्त निर्यातीचं बिल असलेल्यांना.

विसर्जन ६ सप्टेंबरला झालं. मंडप उतरले, गप्पा पुन्हा टपरीवर आल्या. त्या रंगू द्याव्यात. फक्त पुढचा फॉरवर्ड आला की तीन प्रश्न विचारावेत: कुठल्या मालावर, कधीपासून, आणि पैसे शेवटी कोणाच्या खिशातून?