शिदोरीत चार शब्द हवेत

बालीची सहल आता मराठी मध्यमवर्गाला अप्रूपाची राहिलेली नाही. निघताना औषधांपासून लाडू-चिवड्यापर्यंत सर्व गोष्टींची यादी होते. यजमानाची भाषा मात्र त्या यादीत नसते. इंग्रजीवर भागते, हे खरे. परंतु भागणे वेगळे आणि मने जुळणे वेगळे.

वस्तुतः इंडोनेशियाची भाषा आपल्याला जड जाऊ नये. लिपी रोमन, काळानुसार क्रियापदाचे रूप बदलत नाही, ‘बुकु’ म्हणजे पुस्तक आणि ‘बुकु-बुकु’ म्हणजे पुस्तके. भाषेला तेथे ‘बहासा’, नावाला ‘नामा’, पतीला ‘सुआमी’ म्हणतात. ‘नामा साया’ म्हणून आपले नाव सांगावे, ‘तेरिमा कासिह’ म्हणून आभार मानावेत. एवढ्याने प्रारंभ होतो. बालीतील हिंदू तर ‘ओम् स्वस्त्यस्तु’ असेच अभिवादन करतात.

मात्र असे शब्द ऐकून ‘हे तर सारे आमचेच’ अशी शेखी मिरवणे गैर होय. संस्कृत शब्द व्यापार, विद्या आणि धर्म यांच्या वाटेने तेथे पोहोचले आणि तेथील समाजाने ते आपल्या प्रकृतीनुसार घडविले. आपल्या ‘चिंता’ या शब्दाचा तेथील अर्थ आहे प्रेम! तेव्हा बोलायचे ते शिष्याच्या नम्रतेने.

या भाषेमागे राष्ट्रनिष्ठेचा इतिहास आहे. देश डचांच्या ताब्यात असताना २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाविया, म्हणजे आजच्या जकार्ता येथे, तरुणांनी एक मातृभूमी, एक राष्ट्र आणि ऐक्याची एक भाषा अशी शपथ घेतली. जावानीज भाषिक संख्येने सर्वाधिक असूनही मलयवर आधारलेली भाषा सर्वांनी आपली मानली. १९४५ च्या राज्यघटनेने तिलाच राजभाषा केले. राज्यकर्त्यांच्या डच भाषेला तेथे स्थान उरले नाही. स्वातंत्र्यानंतर इतक्या दशकांनीही इंग्रजीला प्रतिष्ठेचे मोजमाप मानणाऱ्या आपल्या समाजाने यावर विचार करावा.

अन्य प्रांतांतून मुंबई-पुण्यात आलेल्या बांधवांनी चार शब्द तरी मराठीत बोलावेत, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. त्यांचे मोडके मराठी ऐकूनही आपल्याला आपुलकी वाटते. मग तोच न्याय आपण पाहुणे असताना आपल्याला का लागू नसावा? उच्चार चुकतील, कोणी हसेलही. पण त्या हसण्यात बहुधा कौतुकच असते. ज्याला स्वभाषेचा खरा अभिमान आहे, त्यालाच दुसऱ्याच्या भाषेचे मोल कळते.