विश्लेषण : बाळाच्या नाळेतील रक्त पैसे भरून साठवावे का?

प्रसूतीची तारीख जवळ आली की सोनोग्राफीच्या रिपोर्टसोबत हल्ली एक चकचकीत माहितीपत्रकही हातात पडते. बाळाच्या नाळेतील रक्त गोठवून ठेवा, उद्या मोठा आजार झालाच तर त्यातल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, कामी येतील, असे त्यात सांगितलेले असते. काही योजनांचा खर्च लाखाच्या घरात जातो. हप्त्यांची सोयही असते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत हे आता नवे राहिलेले नाही. हा ‘जैविक विमा’ खरोखर उपयोगी पडतो का, हे समजण्यासाठी आधी पेशी आपले काम कसे ठरवतात ते पाहावे लागेल.

एका पेशीतून इतके प्रकार कसे?

गर्भाची सुरुवात एका फलित पेशीपासून होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार असे विभाजन सुरू होते. प्रत्येक वेळी आधी डीएनएची पूर्ण नक्कल तयार होते आणि 46 गुणसूत्रांचा एकेक संच दोन्ही पेशींना मिळतो. मग मेंदूची पेशी आणि यकृताची पेशी वेगळी कशी? जनुकांचे पुस्तक दोघींकडे तेच असते. कोणती पाने उघडी आणि कोणती बंद, यात फरक असतो. शेजारच्या पेशींकडून येणारे रासायनिक संकेत त्यात मोठी भूमिका बजावतात. याला विभेदन म्हणतात.

एकदा शाखा ठरली की पेशी सहसा मागे फिरत नाही. इंजिनीअरिंग करून पत्रकारितेत येता येते, पेशींना ती मुभा नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये चार जनुकांच्या मदतीने उंदराच्या पेशी पुन्हा ‘कोऱ्या’ करून दाखवल्या आणि 2012 च्या नोबेलचे ते सहमानकरी ठरले. पण ही किमया प्रयोगशाळेतली.

मग मूलपेशी काय करतात?

मूलपेशी स्वतःसारख्या पेशीही तयार करतात आणि विशिष्ट कामाच्या पेशीही. तांबड्या रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे शरीराला दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या तांबड्या पेशी लागतात. हा पुरवठा अस्थिमज्जेतील मूलपेशी करतात. मात्र त्या रक्तच बनवतात. मेंदू किंवा मज्जारज्जू बनवत नाहीत. नाळेच्या रक्तातील उपयोगी मूलपेशीही प्रामुख्याने याच कुळातल्या. ‘शेकडो आजारांवर उपाय’ ही भाषा इथेच गडबडते.

स्वतःचे रक्त स्वतःला का चालत नाही?

थॅलेसेमियाचे उदाहरण घ्या. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. पण जनुकातील जो दोष बाळाच्या अस्थिमज्जेत आहे, तोच त्याच्या नाळेतील मूलपेशींतही असतो. साठवलेले रक्त परत दिले तर आजारही परत येतो. ल्युकेमियातही धोका असतो, कारण काही मुलांत कर्करोगाकडे नेणारे बदल जन्माच्या वेळीच पेशींत झालेले असतात.

म्हणून मूलपेशी दुसऱ्या कुणाच्या तरी लागतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले, तेव्हा ल्युकेमिया झालेल्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली होती. नाळेतील रक्ताचे जगातील पहिले प्रत्यारोपण 1988 मध्ये पॅरिसमध्ये झाले. तिथेही मुलाला मिळाले ते नवजात बहिणीचे रक्त. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता 25 टक्के असते.

स्वतःचेच साठवलेले रक्त पहिल्या 20 वर्षांत वापरले जाण्याची शक्यता 0.0005 ते 0.04 टक्के, असे बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने 2018 मध्ये नमूद केले. म्हणजे जास्तीत जास्त दहा हजारांत चार.

ऑटिझमच्या उपचारांचे काय?

हा भाग जास्त गंभीर आहे, कारण इथे आई-वडील भीतीपोटी नव्हे, हतबल होऊन पैसे मोजतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर 2022 मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. ‘आयसीएमआर’च्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण वगळता इतर वापर मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. अशा ट्रायलमध्ये सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेणे अपेक्षित नसते. कुणी लाखांचे पॅकेज सांगत असेल तर आधी ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागावा.

साठवणे कधी योग्य?

घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमियासारखा, प्रत्यारोपणाने बरा होऊ शकणारा आजार असेल तर धाकट्या भावंडाच्या नाळेतील रक्त साठवण्याला अर्थ आहे. तेही रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून. अशा प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’तून, निकषांत बसल्यास, 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते.

बाकीच्या दाम्पत्यांसाठी एचबीए2 ही रक्तचाचणी जास्त कामाची. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता 25 टक्के असते. ही तपासणी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत करून घ्यावी; तिचा खर्च साठवणुकीच्या एका हप्त्यापेक्षाही कमी असू शकतो.