बांधणाऱ्यांचा हक्क आणि मुदतीचा फास

शिंप्याकडून कोट शिवून घेतला आणि शिलाई दिली नाही, तर शिंपी तो कोट अडकवून ठेवू शकतो. १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाने त्याला तसा अधिकार दिला आहे. इतकेच नव्हे तर या कलमाखालील उदाहरणांत जवाहिऱ्या आणि शिंपी हेच दोघे कारागीर घेतले आहेत. गवंड्याला असा अधिकार नाही. त्याने रचलेली भिंत जमिनीशी एकजीव होते आणि जमीन ज्याची त्याची ती होऊन बसते. खडी, वाळू, सळई पुरवणाऱ्याची गतही तीच. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे पैसे न मिळालेला विक्रेता माल आपल्या ताब्यात असेतोवरच तो रोखून धरू शकतो. ट्रक एकदा कामावर रिकामा झाला की त्याच्या हाती फक्त चलन उरते. आता याच्या शेजारी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा ठेवून पाहावा. ज्याने जमीन विकली त्याची किंमत थकली, तर त्या जमिनीवर त्याचा बोजा असल्याचे हा कायदा मानतो. जमीन विकणाऱ्याचा बोजा आहे, कर्ज देणाऱ्या बँकेचे गहाण आहे. मात्र जो आपले श्रम आणि माल त्या जमिनीत कायमचा गाडतो, त्याचा तिच्यावर कसलाही हक्क नाही. कायदा वर्गनिरपेक्ष असतो असे मानणाऱ्या मित्रांनी हे तीन कायदे सलग वाचावेत.

भांडवलशाहीचा बालेकिल्ला म्हणून आपण ज्या देशाकडे बोट दाखवतो, त्या अमेरिकेत ही उणीव १७९१ मध्येच ओळखली गेली होती. नवी राजधानी वॉशिंग्टन उभारावयाची होती. कारागीर हवे होते, माल उधारीवर हवा होता, आणि पैसा तुटपुंजा होता. तेव्हा मेरीलंडच्या विधिमंडळाने बांधणाऱ्याचा बोजा इमारतीवर व तिच्या जमिनीवर चढवण्याची तरतूद केली. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात असा हक्क नव्हता. ही तरतूद कनवाळूपणातून आली असे समजण्याचे कारण नाही. मालक स्वतःच्या भांडवलावर इमारत उभारतो असे आपण म्हणतो, पण वस्तुतः ती बऱ्याच अंशी बांधणाऱ्यांच्या उधारीवर उभी राहते, हे आर्थिक सत्य तेथील राज्यकर्त्यांना गरजेपोटी मान्य करावे लागले. पुढे हा हक्क सर्व राज्यांत पसरला, आणि कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या आपल्या राज्यघटनेतच त्याला स्थान दिले.

परंतु हक्क देणाऱ्या हातानेच त्याला घड्याळही बांधले. कॅलिफोर्नियाचेच उदाहरण घेऊ. ज्याचा मालकाशी थेट करार नाही अशा उपठेकेदाराने वा पुरवठादाराने काम किंवा पुरवठा सुरू केल्यापासून २० दिवसांत प्राथमिक नोटीस द्यावयाची. उशीर झाला, तर नोटिशीच्या आधीचे फक्त २० दिवस आणि त्यापुढचे काम एवढ्यापुरताच हक्क राहतो. त्यापूर्वीचा माल बुडाला. (रोजंदारीच्या मजुराला या नोटिशीतून सूट आहे, हे त्या कायद्याच्या बाजूने नमूद करावयास हवे.) काम पूर्ण झाल्यावर बोजा नोंदवण्यास ९० दिवस मिळतात, पण मालकाने काम पूर्ण झाल्याची सूचना सरकारी दप्तरी नोंदवली की मुख्य ठेकेदाराची मुदत ६० दिवसांवर आणि इतर सर्वांची ३० दिवसांवर येते. बोजा नोंदवूनही भागत नाही. त्यानंतर ९० दिवसांत दावा लावला नाही तर तो बोजाच निरर्थक ठरतो. फ्लोरिडात आकडे निराळे आहेत, न्यूयॉर्कमध्ये आणखी निराळे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ६० दिवस मुख्य ठेकेदाराला आणि ३० दिवस त्याच्याखालच्यांना! ज्याच्या पदरी वकील आहे, मालकाच्या कचेरीत ज्याची ऊठबस आहे, त्याला जास्त अवधी. आणि काम केव्हा पूर्ण झाले हे ज्याला सर्वांत शेवटी कळते, त्याला निम्मा. मुदत कशाला हवी याचे उत्तर पाठ्यपुस्तकांत ठरलेले आहे: मालमत्तेवर अनिश्चित काळ बोजे लटकत राहिले तर तिची विक्री होणार नाही, बँक कर्ज देणार नाही. युक्तिवाद अगदीच खोटा नाही. इमारतीत घर घेणारा मध्यमवर्गीय नोकरदारही उद्या अशा बोजाखाली सापडू शकतो, आणि त्याचा विचार आपल्यालाही करावा लागेल. पण ही निश्चिती कोणाच्या खर्चाने विकत घेतली जाते? मुदत चुकलेल्या प्रत्येक पुरवठादाराचा बोजा उतरतो, तेव्हा इमारतीवरील बँकेची बाजू तेवढी बळकट होते.

सरकारी इमारतीवर बोजा चढवता येत नाही, म्हणून तेथे अमेरिकेने दुसरी वाट काढली. १८९४ च्या हर्ड कायद्याने ठेकेदाराकडून हमीपत्र घेण्यास सुरुवात झाली. पण काम पूर्ण होऊन अंतिम हिशेब झाल्यानंतरही सहा महिने शासनाचाच दावा आधी. पुरवठादाराने तोवर वाट पाहावयाची. १९३५ मध्ये, म्हणजे महामंदीच्या ऐन दिवसांत, मिलर कायदा आला आणि त्याने एका हमीपत्राची दोन केली. पहिले शासनासाठी: काम पुरे होईल याची हमी. दुसरे मजूर, उपठेकेदार व पुरवठादार यांच्यासाठी: त्यांचे पैसे मिळतील याची हमी. मुख्य ठेकेदाराशी ज्याचा थेट करार आहे त्याचे पैसे ९० दिवस थकले की तो हमीपत्रावर दावा लावू शकतो. उपठेकेदाराला माल देणाऱ्याने मात्र आपल्या शेवटच्या पुरवठ्यापासून ९० दिवसांत मुख्य ठेकेदाराला नोटीस पोचवली पाहिजे, आणि कोणाचाही दावा शेवटच्या दिवसापासून एका वर्षाच्या आत दाखल झाला पाहिजे. 'शेवटचा दिवस' कोणता यावर खटले लढले गेले आहेत. सदोष कामाची नंतर केलेली दुरुस्ती न्यायालये सामान्यतः जमेस धरत नाहीत. शिवाय १९४४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पुरवठादाराच्या पुरवठादाराला या हमीचे दार बंद केले. साखळीचे टोक तेथेही उघडेच राहिले. एक कलम मात्र आपण उचलण्यासारखे आहे: काम करण्यापूर्वी किंवा माल देण्यापूर्वी लिहून घेतलेला हक्कत्याग या कायद्यात ग्राह्य नाही. गरजू माणूस काम मिळावे म्हणून कशावरही सही करतो, हे ते कलम जाणते.

आता आपल्याकडे पाहू. सरकारी कामाची निविदा भरताना ठेकेदार बयाणा भरतो, सुरक्षा अनामत ठेवतो, बँकेची हमी देतो. हे सारे शासनाच्या नावे. म्हणजे मिलर कायद्यातील दोन हमीपत्रांपैकी पहिले आपण घेतले आणि दुसऱ्याची गरज कोणाला वाटली नाही. जुलै २०२५ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात जलजीवन मिशनच्या कामांशी संबंधित एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली, तेव्हा थकलेल्या बिलांची चर्चा राज्यभर झाली. शासनाकडून खुलासा आला तो असा, की त्याच्या नावावर काम नोंदलेलेच नाही, तो उपठेकेदार असावा. तांत्रिकदृष्ट्या हा खुलासा अचूकही असेल. दप्तरात ज्याचे नाव नाही त्याचे देणे शासनावर नाही, हीच तर आपली व्यवस्था आहे, आणि त्या एका वाक्यात ती जितकी उघडी पडली तितकी कोणत्याही अहवालात पडली नसेल.

सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा आहे की, असे कोणी म्हणेल. त्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही आहे. परंतु बांधकामाचे कंत्राट त्यात बसते की नाही यावर न्यायालयांत वाद झडले आहेत, आणि ज्याच्यावर तक्रार करावयाची त्याच्याच दारात पुढच्या कामासाठी उभे राहावयाचे असते. खासगी बिल्डर दिवाळखोरीत गेला तर? २०१८ मध्ये घर घेणाऱ्यांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला, ते योग्यच झाले. सिमेंट-सळई देणारा मात्र कार्यकारी धनको. धनकोंच्या समितीत त्याला मत नाही, आणि मार्च २०२० पासून थकबाकी एक कोटीच्या खाली असेल तर त्याला अर्जही करता येत नाही. दावा लावण्यास आपला मुदतीचा कायदा तीन वर्षे देतो. अमेरिकन पुरवठादाराच्या हाती हक्क आहे पण मुदत चिमूटभर. आपल्याकडे मुदत ऐसपैस, आणि तिच्या अखेरीस वसूल करावयाला तारण काही नाही.

मजुरीबाबत १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकाला जबाबदार धरले होते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही ते तत्त्व आहे, परंतु केंद्रीय कायद्यात २० कामगारांची जी अट होती ती आता ५० झाली आहे. सेंट्रिंगची टोळी दहा-पंधरा जणांची असते, हे संहिता लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक सार्वजनिक कामावर शासनाच्या हमीबरोबर मजूर, उपठेकेदार व पुरवठादार यांच्यासाठी दुसरी हमी घ्यावी, आणि ती साखळीच्या टोकापर्यंत पोचावी. हमी देणाऱ्या बँकेचे वा विमा कंपनीचे नाव कामाच्या फलकावर मराठीत लिहिलेले असावे. मजुराला नोटिशीची अट नसावी. इतरांची मुदत त्यांना कळवल्याच्या दिवसापासून मोजावी, कोणा अधिकाऱ्याने दप्तरात पूर्णत्वाची नोंद केल्याच्या दिवसापासून नव्हे. आणि मुदत मुख्य ठेकेदारापेक्षा खालच्या माणसाला अधिक असावी, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बरोबर उलट.

यावर वित्त विभागाचा आक्षेप ठरलेला आहे: हमीचा खर्च ठेकेदार निविदेत चढवील आणि कामे महागतील. चढवील यात शंका नाही. आज तोच खर्च वाळूवाला खासगी सावकाराच्या व्याजाच्या रूपाने भरतो आणि टोळीचा मुकादम आपल्या माणसांची उचल थांबवून भरतो. तो अंदाजपत्रकात दिसत नाही एवढेच. जिल्हा परिषदा व नगरपालिकांत आपले जे सदस्य आहेत, त्यांनी पुढच्या प्रत्येक बांधकामाच्या प्रस्तावावर पहिला प्रश्न हा विचारावा की या कामावर उपठेकेदार कोण आहेत आणि त्यांची नावे कोणत्या नोंदवहीत आहेत.