डबा, गोळी आणि इंजेक्शन

नाक्यावरचा टाइमपास आणि गुटखा सोडून एखादा मुलगा फज्रनंतर जिमला जात असेल, तर मला त्याचं कौतुकच वाटतं. माझी तक्रार व्यायामाबद्दल नाही, त्याच्यासोबत जे विकलं जातं त्याबद्दल आहे. काही जिममध्ये प्रोटीनचा डबा, स्टेरॉइडची गोळी आणि इंजेक्शन हे सगळं एकच माणूस एकाच सुरात सुचवतो. या तीन वस्तू एकसारख्या नाहीत.

डबा कायद्याने अन्नात मोडतो, औषधासारखी चाचणी देऊन तो बाजारात येत नाही. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के पावडरींच्या लेबलवर प्रोटीनची माहिती चुकीची होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्याच वर्षी सांगितलं, की शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन घेतल्याने स्नायू आणखी वाढत नाहीत. अंडी, डाळ, चणे, दूध, मासे, गोश्त यांतून बहुतेकांची गरज भागते.

स्टेरॉइडचं काम मी इंजिनिअर म्हणून फीडबॅक लूपसारखं समजून घेतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं साठा भरपूर आहे आणि तो वृषणांना आदेश देणं थांबवतो. शुक्राणू घटतात, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. गोळ्या सोडल्यावरही सगळं रुळावर यायला कित्येक महिने जातात, कधी वर्षंही. मर्दानगी दाखवायला घेतलेली वस्तू बाप होण्याच्या आड येते.

इंजेक्शन बहुधा मेफेन्टरमिनचं असतं. भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब फार खाली गेला, तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते देतात. जिममध्ये ते थकवा कळू नये म्हणून टोचलं जातं. थकवा हा शरीराचा इशारा असतो आणि इथे तोच बंद केला जातो. मग धडधड, वाढलेला रक्तदाब, भास आणि शेवटी व्यसन. महाराष्ट्रात पोलिसांनी अशा बाटल्या अनेकदा जप्त केल्या आहेत.

दोस्तांनो, ट्रेनर डॉक्टर नसतो. पावडर घ्यायचीच असेल तर पक्कं बिल मागा. इंजेक्शन विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. एकट्याला अवघड वाटत असेल तर मोहल्ल्यातल्या चौघांनी मिळून जिमवाल्याला सांगा, की सुई दिसली तर आमची फी बंद. ही भाषा त्याला लगेच समजेल.