फ्यूजच्या जागी वायरची तार नको



माझे काम लागण, बेणे, खत आणि खोडवा यांचे. विजेच्या पेटीत या माणसाने नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण राधानगरीचे आणि काळम्मावाडीचे पाणी नदीतून बंधाऱ्यापर्यंत आपोआप येते. तिथून सरीपर्यंत ते मोटारच आणते. एप्रिल-मे महिन्यात मोटार जळून रिवायंडिंगला गेली की पाण्याचा एक फेर चुकतो, आणि तो चुकलेला फेर पुढे वजनकाट्यावर दिसतो. सबब हा विषय माझाही आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाचा खोडवा बघायला गेलो होतो. पाच अश्वशक्तीची मोटार दुसऱ्यांदा जळालेली. पेटी उघडली तर फ्यूजच्या तिन्ही ग्रीपमध्ये घरच्या वायरिंगमधून उरलेल्या सात तारी वायरची एकेक तार पिळून बसवलेली! मालक अभिमानाने म्हणाले, "साहेब, आता फ्यूज जातच नाही." खरे होते. फ्यूज गेला नाही, मोटार गेली.

हिशेब साधा आहे. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सात ते साडेसात अँपिअर घेते. चालू होताना क्षणभर त्याच्या सहापट, म्हणजे ४०-४५ अँपिअर. सात बाय वीसच्या वायरची एकच तार वितळायला ७० अँपिअरच्या आसपास लागतात. म्हणजे पंप गाळाने जाम झाला तरी ही तार मजेत बसून राहणार आणि आतले वायंडिंग भाजून निघणार. फ्यूज किती अँपिअरचा हवा, हे बहुतेक स्टार्टरच्या झाकणाच्या आत अश्वशक्तीप्रमाणे छापलेले असते. तो तक्ता वाचावा, शेजाऱ्याला विचारू नये.

दुसरी गोष्ट. एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवर प्रवाह पावणेदोन पटीच्या आसपास जातो. एवढ्याने बरोबर मापाचा फ्यूजही लवकर जात नाही. तिथे काम रिलेचे. पण "सारखा ट्रिप होतो" म्हणून रिलेच बांधून ठेवणारे महाभाग आपल्यात आहेत. कन्डेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढणाऱ्यांबद्दल तर काय बोलावे!

फ्यूज तपासताना टेस्टरवर फार विश्वास ठेवू नका. स्टार्टर ओढलेला असताना एक फ्यूज गेला, तरी मोटारीच्या वायंडिंगमधून वीज उलटी फिरून त्या मेलेल्या फ्यूजच्या खालच्या टोकाला येते. टेस्टर तिन्ही ठिकाणी पेटतो, माणूस म्हणतो फ्यूज ठीक आहेत, आणि मोटार नुसती घुंई करते. फ्यूज बाहेर काढूनच तपासावा. मल्टिमीटर नसला तर दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायरीचे दोन तुकडे पुरतात. बल्ब पेटला तर फ्यूज चांगला. बंद कार्ट्रिजचा फ्यूज तर नुसता बघून ओळखताच येत नाही.

आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ बंद पडला तर वायरमन काय करतो ते एकदा येऊन पाहा. आधी मेन स्विच पाडतो, ग्रीप काढून खिशात टाकतो, स्विचवर 'काम चालू आहे' ही पाटी अडकवतो, मग हात घालतो. आपण नदीकाठी काय करतो? रात्रीची पाळी, पाय ओले, टॉर्च तोंडात, आणि "लाईट गेलेलीच आहे की" म्हणून मेन स्विच तसाच! लाईट गेलेली असते, पण ती कोणत्या क्षणी येईल हे कोणाला माहीत? लाईट नसतानाही मेन स्विच पाडायचाच. पायाखाली कोरडी फळी, पायात रबरी चप्पल. नवा फ्यूज लगेच पुन्हा गेला तर तिसरा घालू नये. केबलचा सांधा, बेअरिंग, पाणी शिरलेले वायंडिंग, काहीतरी बिघडलेले आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या पेट्या न वाळवताच चालू करून पाहणारेही मी पाहिले.

डीपीच्या फ्यूजला मात्र आपण हात लावायचाच नाही. लाईनमन वेळेवर येत नाही हे गाऱ्हाणे खोटे नाही, मीही उसात उभा राहून त्याची वाट पाहिली आहे. पण डीपीवर हात घालणारा बहुधा गावातला एखादा धाडसी पोरगा असतो, आणि त्याला पाठवणारे आपण थोरली माणसे असतो.

माझे स्पष्ट मत असे, की हे काम एकट्या शेतकऱ्यावर सोडू नये. गट ऑफिसातून खत-बेणे उधारीवर मिळते, तशी योग्य मापाची फ्यूज तार आणि कार्ट्रिजही मिळावी. पाणीपुरवठा संस्थांनी पाटकऱ्याशिवाय एक शिकलेला माणूस मोटारघरासाठी नेमावा. गळीत हंगाम संपल्यावर वर्कशॉपचे दोन वायरमन गटवार फिरून प्रात्यक्षिक दाखवू शकतात. बेणेप्रक्रियेची प्रात्यक्षिके आपण घेतोच, त्यालाच हे जोडता येईल. तसा प्रस्ताव मी शेतकी विभागामार्फत पाठवला आहे. ज्या गावांना प्रात्यक्षिक हवे असेल त्यांनी आपल्या गटाच्या स्लिपबॉयकडे नावे द्यावीत, आणि येताना स्वतःच्या पेटीतली ग्रीप काढून बरोबर आणावी. काढण्यापूर्वी मेन स्विच पाडून.